नावं जाहीर होण्याआधी

शेजारची इर्मा सकाळपासून गॅरेजच्या तोंडाशी घडीची खुर्ची टाकून बसली होती आणि रस्त्यावर गाडी दिसली की उठून उभी राहत होती. सुमंत खटावकरांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे तीनदा पाहिलं. चौथ्यांदा ती उभी राहिली, तेव्हा त्यांनी अर्धा चहा ओट्यावर तसाच ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.

त्यांच्या लेकीच्या, वैदेहीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "बाबा, इथे असं न विचारता कुणाकडे जात नाहीत. आज तर नकोच. तिला प्रायव्हसी हवी असेल."

"प्रायव्हसी हवी असती तर ती आत बसली असती," सुमंतराव म्हणाले आणि जिन्याखाली जाऊन त्यांनी नातीला हाक मारली. अनया सोळा वर्षांची होती. शाळेत तीन वर्षं स्पॅनिश शिकत होती. इर्माचं इंग्रजी सुमंतरावांच्या इंग्रजीइतकंच तोकडं होतं, त्यामुळे आज अनयाची गरज लागणार होती.

पत्नी गेल्यानंतर सुमंतराव साताऱ्याचं बिऱ्हाड आवरून अमेरिकेत अर्विंगला लेकीकडे आले, त्याला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत त्यांची म्हणावी अशी ओळख झाली ती शेजारच्या या बाईशी. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. मागच्या कुंपणावरून दोघांची कोथिंबीर आणि मिरच्यांची देवाणघेवाण चाले. यांनी मेथी दिली तेव्हा ती तिने कशात घातली हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण तिने पुन्हा मागितली होती. बोलणं निम्मं हातवाऱ्यांनी व्हायचं. तिला एकच मुलगा, डॅनियल. एकोणिसाव्या वर्षी तो फौजेत भरती झाला आणि आता कुठेशा वाळवंटात ट्रक दुरुस्त करत होता. तो गेल्यापासून तिच्या पुढच्या खिडकीत निळ्या चांदणीचं एक हातभर निशाण लटकत असे. घरातलं कुणी लढाईवर आहे, असा त्याचा अर्थ, हे त्यांना अनयाने सांगितलं होतं.

आज रविवार. सकाळी सातला सगळ्यांच्या फोनवर एकच बातमी आली होती. पश्चिम आशियातल्या एका तळावर ड्रोन आदळलं, चार सैनिक ठार, कितीतरी जखमी. मृतांची नावं कुटुंबीयांना कळवल्यानंतर जाहीर करण्यात येतील.

बातम्यांचं वेड सुमंतरावांना होतंच. सकाळी फोनवर मराठी चॅनेल, दुपारी टीव्हीवर अमेरिकन. गुरुवारी लायब्ररीत निवृत्त मंडळींचा कट्टा भरे, तिथे तर हाच विषय. गिरीश दांडेकर म्हणून एक जुने इंजिनीयर होते, पन्नास वर्षांपूर्वी आलेले. ते नकाशांच्या प्रती काढून आणत आणि कुणाचं क्षेपणास्त्र कुठवर पोचतं याची वर्तुळं आखून दाखवत. ते "आपण" म्हणत तेव्हा ते कधी भारत असे, कधी अमेरिका. "आपण आता थांबता कामा नये," असं ते म्हणाले की सुमंतरावांना कोण थांबायचं नाही ते क्षणभर कळत नसे. तुम्ही तर मिलिटरीत होता, तुमचं मत काय, असं कुणी त्यांना विचारलं की ते म्हणत, मी कारकून होतो. ते खरंच होतं. लष्कराच्या एका रेकॉर्ड ऑफिसात त्यांनी चौतीस वर्षं कारकुनी केली. लोकांना तो विनय वाटे.

पण आकडा आधी सांगतात आणि नावं मागाहून, हे ऐकलं की त्यांचं लक्ष नकाशावरून उडायचं. आकडा आणि नावं यांच्यामध्ये जो दिवस-दोन दिवसांचा वेळ जातो, त्यात एक माणूस कुठल्यातरी ऑफिसात बसून कार्डं काढत असतो. तो माणूस आपण होतो, हे त्यांनी कट्ट्यावर कधी सांगितलं नव्हतं. घरीसुद्धा नाही.

इर्माच्या अंगावर चर्चला जायचे कपडे होते. ती गेली नव्हती. सुमंतराव आणि अनया ड्राइव्हवेमध्ये आले तसं तिने गॅरेजमधून आणखी दोन खुर्च्या ओढल्या, जणू ते येणार हे तिला ठाऊकच होतं. मग तिने अनयाला भराभर काहीतरी सांगायला सुरुवात केली. अनया मध्येमध्ये थांबवून आजोबांना सांगत होती. डॅनियल रोज रात्री एक मेसेज टाकतो. काल आला नाही. आज सकाळीही नाही. तो कुठल्या तळावर आहे हे तिला माहीत नाही, त्याला सांगायची परवानगी नसते. देश तोच आहे, एवढंच ती जाणते. पन्नास वेळा फोन लावून झाला होता.

"तिला सांग," सुमंतराव म्हणाले, "फोन लागत नाही यावरून काही ठरवू नको म्हणावं. असं काही झालं की सगळ्यांचेच फोन बंद करतात. घरच्यांना गोष्ट भलत्याच तोंडून कळू नये म्हणून. आमच्या वेळी पत्रं रोखून धरायचे."

अनयाने आधी स्वतःच्या फोनवर शोधून पाहिलं. "ही इज राइट," ती स्वतःशीच म्हणाली आणि मग इर्माला सांगितलं. इर्माने सुमंतरावांकडे पाहून विचारलं, त्यांना हे कसं ठाऊक?

"माय ग्रँडफादर वॉज इन द आर्मी," अनयाने सांगून टाकलं.

एवढं इंग्रजी सुमंतरावांना कळत होतं. ते म्हणाले, "आर्मीत नाही, अनया. नीट सांग. ऑफिसात होतो. लढाई झाली तेव्हा गेलेल्या माणसांच्या घरी तारा जायच्या. त्या मी टाइप करायचो."

अनया त्यांच्याकडे बघत राहिली. तार म्हणजे काय हे तिला विचारावं लागलं. मग तिने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं, शब्द शोधत, हळूहळू.  इर्माने सुमंतरावांच्या हातांकडे पाहिलं, बराच वेळ. त्यांना हात कुठे ठेवावेत कळेना.

"आता तार येत नाही," शेवटी इर्मा मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "दोन माणसं येतात. युनिफॉर्म. गाडीतून." मुलगा निघाला तेव्हा आयांना एकत्र बोलावून हे सगळं समजावून सांगितलं होतं. म्हणून ती सकाळपासून गाड्या बघत होती.

साडेदहाच्या सुमारास वळणावरून एक काळी गाडी आत आली. ती सावकाश चालली होती, घरांचे नंबर बघत चालल्यासारखी. इर्माच्या घरापासून जरा अलीकडे थांबली. दोन्ही बाजूंची दारं उघडली आणि गडद रंगाचे सूट घातलेले दोन पुरुष उतरले. एकाच्या हातात कागद होते.

इर्मा उठली. ओरडली नाही, काही नाही. एक वाक्य पुटपुटली, आतल्या दारातून घरात गेली आणि तिने भिंतीवरचं बटण दाबलं. अनया आणि सुमंतराव कसेबसे बाहेर सरकले आणि गॅरेजचं दार खडखडत खाली आलं.

"काय म्हणाली?"

"दार उघडलं नाही तर ते सांगू शकत नाहीत, असं म्हणाली," अनया म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "आजोबा, आपण घरी जाऊ या ना."

सुमंतरावांचे गुडघे दुखरे होते, पण ते चालत फुटपाथच्या कडेपर्यंत गेले. ती माणसं त्यांच्याच दिशेने येत होती. युनिफॉर्म नव्हता. तरी काय सांगावं, आता तऱ्हा बदललीही असेल. पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात अशा माणसांच्या वाटेत ते पहिल्यांदाच उभे राहत होते. आजवर ते त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला होते, कागद रवाना करणाऱ्या टोकाला. त्यांनी हात किंचित वर केला आणि म्हणाले, "यस?"

कागद हातात असलेला तरुण हसला. त्याने गुड मॉर्निंग म्हटलं आणि एक नंबर सांगून हे घर इकडेच ना, असं विचारलं. याच रस्त्यावरचं एक घर विकायचं होतं, दुपारी लोक बघायला येणार होते. त्यासाठी पाट्या लावायला ते आले होते. सुमंतरावांनी डावीकडे बोट दाखवलं. पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. थँक यू, सर, म्हणून ती माणसं गेली.

दार उघडायला फार वेळ लागला. अनया बेल वाजवत होती, स्पॅनिशमध्ये हाका मारून सांगत होती की ते ते नव्हते, ते घर विकणारे होते. आतून फक्त पाण्याचा आवाज येत होता. शेवटी इर्माने दार उघडलं. बेल ऐकू येऊ नये म्हणून तिने सिंकचा नळ पूर्ण सोडला होता आणि त्याला पाठ लावून उभी राहिली होती. तिचा ब्लाउज मागून भिजला होता.

मग ते घरातच बसले. टीव्ही चालू होता. चौघे तज्ज्ञ नकाशासमोर बसून आता प्रत्युत्तर कसं द्यावं यावर बोलत होते. एकाच्या मते उशीर झालाच होता. दुसऱ्याच्या मते हेच शत्रूला हवं होतं. एका पुढाऱ्याने मृतांचं बलिदान वाया जाणार नाही असं सांगितलं. सुमंतरावांना वाटलं, बलिदान कुणाचं ते अजून याला माहीत नाही, आपल्याला माहीत नाही, त्यांच्या आयांनासुद्धा कदाचित माहीत नाही, आणि ते वाया जाणार नाही हे मात्र ठरून गेलंय. आजवर दर गुरुवारी आपणही असंच बोलणं ऐकलं, मान डोलावली, एकदा तर त्या वर्तुळांतलं एक दांडेकरांचं चुकलंय म्हणून दाखवून दिलं. ते उठले, रिमोट शोधला आणि टीव्ही बंद केला. परक्याच्या घरात असं करू नये, हे नंतर त्यांच्या ध्यानात आलं. 

बाराच्या सुमाराला वैदेही आली. हातात खिचडीचं पातेलं आणि थर्मास.  तिने कपाटं उघडून बशा शोधल्या आणि सगळ्यांना वाढलं. खा म्हटलं तशी इर्मा खाऊ लागली. चार घास झाल्यावर थांबली आणि अनयाला म्हणाली, हे छान आहे, डॅनियलला आवडेल. मग तिने चमचा खाली ठेवला.

पावणेतीनला तिचा फोन टेबलावर थरथरला. कुणीच हात लावेना. शेवटी अनयाने तो उलटा केला आणि वाचला. मी बरा आहे, आई. आता एवढंच. नंतर फोन करतो.

इर्मा खुर्चीवरून घसरून खालीच बसली. फोन तिने कपाळाला लावला होता. वैदेही तिच्याशेजारी फरशीवर बसली आणि दोघी एकमेकींना धरून राहिल्या. त्या दोघी आजवर ओळीने चार वाक्यंही बोलल्या नसतील. इर्मा रडत रडत काहीतरी म्हणाली, मग पुन्हा वेगळंच काही म्हणाली, दोन-तीनदा. अनयाने ते आजोबांना सांगितलं नाही.

घरी परतताना तिने सांगितलं. "ती आधी म्हणाली, देवाची कृपा, गेलेला मुलगा दुसऱ्या कुणाचातरी आहे. मग सॉरी, सॉरी म्हणत राहिली. इज दॅट बॅड, आजोबा?"

"नाही," सुमंतराव म्हणाले. "सगळेच तसं म्हणतात. सॉरी कुणी म्हणत नाही."

नावं मंगळवारी जाहीर झाली. त्या गुरुवारी लायब्ररीत दांडेकर नकाशा घेऊन त्यांची वाट बघणार होते, पण बरं नाही असा निरोप सुमंतरावांनी मंगळवारीच देऊन टाकला. संध्याकाळी ते आणि अनया तळ्याकाठच्या वाटेने फिरायला गेले, तेव्हा बाकावर बसून त्यांनी तिला ती चार नावं वाचायला सांगितली. तिने वाचली. वयं एकवीस, चोवीस, तेवीस, सदतीस. गावं वेगवेगळ्या राज्यांतली. घरी कोण कोण आहे, त्यांनी विचारलं. एकाच्या बातमीत बायको आणि दोन मुलं होती, बाकीच्यांचं काही दिलेलं नव्हतं. त्यांनी तिला नावं पुन्हा, सावकाश वाचायला लावली, आणि उच्चार नीट समजून घेतले.

"तुम्ही तारा पाठवल्या, त्यांच्यातलं कुणी तुम्हाला कधी भेटलं?" अनयाने विचारलं.

चोपन्न वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी सांगायला सुरुवात केली.

एकाहत्तरच्या डिसेंबरात ते एकवीस वर्षांचे होते आणि नोकरीला वर्षही झालं नव्हतं. युद्ध चौदाच दिवस चाललं, पण ऑफिसात ते फेब्रुवारीपर्यंत चालू होतं. प्रत्येक जवानाचं एक कार्ड असे, त्यावर घरचा पत्ता. यादी आली की कार्ड काढायचं, पत्ता उतरवायचा, तार टाइप करायची. एका यादीत शिवराम बंडू जाधव असं नाव होतं. त्या नावाची दोन कार्डं होती, पेटीत एकामागे एक. नंबर वेगळे, तालुका एकच. रात्रभर काम करून डोळे तारवटले होते, हे ते स्वतःला नंतर पुष्कळदा सांगत आले. नंबर न बघता त्यांनी पुढचं कार्ड उचललं.

अकरा दिवसांनी एक म्हातारा ऑफिसात आला. त्याच्या एका हातात तार होती आणि दुसऱ्या हातात मुलाचं पत्र, तारेनंतरच्या तारखेचं. त्याने दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि एवढंच विचारलं, साहेब, यातलं खरं कुठलं? त्याच्या घरी सुनेच्या बांगड्या फोडून झाल्या होत्या, दहावं झालं होतं. पत्र खरं आहे असं कळल्यावर तो तिथेच खाली बसला. कुणावर रागावला नाही.

खरा गेलेला तो दुसरा जाधव; त्याच्या घरी आता तार करा, असं ऑफिसच्या साहेबांनी सांगितलं. सुमंतरावांनी ती टाइप केली, पण पाठवायला दिली नाही. साहेबांना म्हणाले, मी घेऊन जातो. साहेबांनी दोन दिवसांची रजा दिली.

गावाबाहेर एक वस्ती होती. बाई घेवड्याच्या शेंगा सोलत अंगणात बसली होती. हौसा तिचं नाव, वय तेव्हाच्या सुमंतरावांहून कमीच असेल. पलटणीच्या ऑफिसातून आलोय म्हटल्यावर तिला वाटलं, नवऱ्याने कुणाच्यातरी हाती निरोप धाडलाय. तिने सूप बाजूला ठेवलं, घोंगडं अंथरलं आणि चहा टाकला.

"आणि मी तो प्यालो," सुमंतराव म्हणाले. "आधी सांगायला पाहिजे होतं. कप रिकामा झाल्यावर सांगितलं."

अनया फोन खिशात ठेवून ऐकत होती. "मग ती काय म्हणाली?"

ती रडली नाही. तिने तारीख विचारली, कधी झालं. यांनी सांगितली, आणि मधले अकरा दिवस कसे गेले, चूक कुणाची, तेही सांगितलं. ती बोटांवर मोजत राहिली. मग म्हणाली, "आकरा दिस मी रोज कुकू लावीत हुते. त्येचं आता काय करायचं?"

याचा अर्थ अनयाला थोडा समजावून सांगावा लागला. 

"तुम्ही काय उत्तर दिलं?"

"काय देणार? नाही दिलं. आजही नाही माझ्याकडे." तळ्यातली बदकं काठाला आली होती. "मी उठलो. ती आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. पण काठी घेऊन आली. म्हणाली, वस्तीवरची कुत्री नवख्या माणसाला धरतात, मी रस्त्यापर्यंत येते. वाटभर ती पुढे, मी मागे. कुत्री धावून आली की काठी आपटायची आणि एकेकाचं नाव घेऊन दटावायची. रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, तुम्ही आता परत जा. तर म्हणाली, इथे एसटीचा थांबा नाही, तुमच्यासाठी कोण गाडी थांबवणार?"

"मग?"

"मग एसटी आली तशी ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिने हात वर केला. ड्रायव्हर चिडला होता, पण थांबला. मी चढलो. कंडक्टरने तिला विचारलं, तुम्हाला पण यायचंय का. तिने मान हलवली आणि माझ्याकडे बोट करून त्याला सांगितलं, आमचं पाव्हणं हाईत, जरा बसायला जागा द्या."